मरळ, बटाटे आणि सिरका

चाळीस वर्षं भांडी विकून मी एवढंच शिकलो की गिऱ्हाईक उगाच दुसऱ्या दुकानात जात नाही. तिथं त्याला काहीतरी मिळत असतं जे आपल्याकडं नसतं. ते काय, एवढं हुडकून काढायचं आणि गुपचूप आणून मांडायचं, की गिऱ्हाईक परत येतं. निलंग्याच्या बाजारात माझं दुकान याच अकलेवर उभं आहे. पोरीच्या बाबतीतही मी हीच अक्कल चालवायला गेलो आणि तोंडावर पडलो.

माझी मुलगी वर्षाराणी. आम्ही राणीच म्हणतो. लातूरला फिजिओथेरपी शिकली आणि इंग्लंडात व्हिटबी नावाच्या समुद्रकाठच्या गावी नोकरीला लागली. तिथल्या म्हाताऱ्यांचे गुडघे ती वाकवते आणि सरळ करते. तिच्या अव्वाचे, म्हणजे आईचे, शिवकन्येचे, दोन्ही गुडघे निलंग्यात कुरकुरत असतात, ते ती फोनवरून बघते. चार वर्षं असं चाललं. या जानेवारीत ती पहिल्यांदा घरी आली, चार आठवड्यांसाठी. तिकडचा तिचा करार संपत आला होता. आणखी तीन वर्षं येते की येत नाही, ते तिला चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी कळवायचं होतं. इकडं लातूरला एका हाडांच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. ती मीच धरायला लावली होती. हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. पण त्यावर दोघंही अवाक्षर काढत नव्हतो.

मला ती इथं हवी होती. लपवायचं कशाला? सकाळी पूजेला बसलो आणि शेजारच्या खोलीतून तिच्या बादलीचा आवाज आला, तरी मला बरं वाटायचं. चार वर्षं मी तो आवाज ऐकला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात एकदा मी तिला म्हटलं, "दाव की तुझा समुद्र." तिनं फोन माझ्या हातात दिला आणि ती चहा आणायला आत गेली. मी बोटानं सारत गेलो. समुद्र, पक्षी, दगडी जिना, पुन्हा समुद्र. मग एक पुठ्ठ्याचा डबा, बाकावर ठेवलेला, मागं करडं पाणी. डब्यात बटाट्याच्या जाड जाड फोडी आणि त्यांच्यावर तांबूस तळलेलं काहीतरी लांबडं. पुढं पुन्हा तोच बाक, तसाच डबा. कधी ऊन, कधी धुकं, कधी बाक ओला. मोजले नाहीत, पण तसे फोटो पुष्कळ होते. खाली तारखा होत्या, सगळे शुक्रवार.

ती चहा घेऊन आली तेव्हा मी विचारलं, "हे काय गं?"

"चिप्स."

"ते दिसायले मला. वर लांबडं काय हाय?"

तिनं कपबशी खाली ठेवली. खोटं बोलायची सवय तिला आम्ही कधी लावली नाही, ते त्या दिवशी अंगाशी आलं. "मासा," ती म्हणाली.

आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती. आमच्या घरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नाही. केक आणायचा तरी शिवकन्या बेकरीवाल्याला तीनदा विचारते आणि चौथ्यांदा त्याच्या तोंडाकडं निरखून बघते. अशा घरची पोरगी दर शुक्रवारी मासा खाते! मी दोन दिवस अबोला धरला. माझा अबोला घरात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यात मी तोंडानं बोलत नाही, भांडी आपटतो, आणि भांडीवाल्याच्या घरात आपटायला भांडी कमी पडत नाहीत. शिवकन्येला कारण सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, कारण तिला वाटलं नेहमीचंच आहे.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी गच्चीवर टाकीत पाणी किती आहे ते बघायला गेलो. राणी टाकीला टेकून बसली होती. हातात फोन, फोनवर तो बाक, तो डबा आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मला बघून तिनं फोन पालथा घातला आणि म्हणाली, "टाकी अर्धी हाय, अप्पा."

मी खाली आलो ते राग विसरून. माझं लेकरू माझ्याच घरात बसून परक्या गावासाठी झुरत होतं. चार वर्षं ती तिकडं आमच्यासाठी झुरत असेल असं धरून मी जिवाला लावून घेत होतो, आणि इथं येऊन हिचे डोळे तिकडं लागलेले. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या डब्याचा हेवाही वाटला. मग माझ्यातला दुकानदार जागा झाला. तिथं तिला काय मिळतं? मासा आणि बटाटे. आपल्याकडं काय नाही? मासा. ठीक आहे, आणू. धर्म बुडाला तर माझा बुडेल, पण पोरगी राहील.

निलंग्यात आणणं शक्यच नव्हतं. लातुरात अर्धी गल्ली शिवकन्येच्या माहेरची. उदगीरचं तर नाव काढायलाच नको, तिथं आमच्या पाहुण्यांशिवाय दुसरं कुणी राहतं की नाही अशी मला शंका आहे. राहिलं नांदेड. तिथं मला कुणी ओळखत नाही आणि तिथं गोदावरी आहे. समुद्र नसला तरी पाणी आहे, काठ आहे, बसायला घाट आहे. सोमवार चार दिवसांवर होता. मी घरात जाहीर केलं की तांब्याच्या बाटल्यांचा एक व्यापारी नांदेडला बघायचा आहे, राणी सोबत येईल. शिवकन्येनं धपाटे, शेंगाची चटणी आणि दह्याचा डबा बांधून दिला.

गाव सोडेस्तोवर गाडी तीनदा थांबवावी लागली. पहिल्यानं विचारलं, "राणी, कवा आलीस?" दुसऱ्यानं, "कवा जाणार?" तिसरी आमच्या गल्लीतली कस्तुराबाई, तिनं खिडकीत डोकंच घातलं. "औंदा लगीन उरकून टाका बगा. पोरगी लई वाळली एकटी राहून." मी हसून प्रत्येकाला उत्तर दिलं. गावात एवढी माणसं आपल्या पोरीची चौकशी करतात याचा मला अभिमान वाटत होता. राणीही हसत होती. पुढं अहमदपूर जाईपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून बसली, आणि मला वाटलं गाडी लागली असेल.

नांदेडला पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. तिला गाडीत बसवून, व्यापाऱ्याचं दुकान गल्लीत आहे असं सांगून, मी चौकशी करत करत एका तळलेल्या मच्छीच्या गाड्यापर्यंत गेलो. वास आला तसा मी शर्टाचं वरचं बटण लावलं, लिंगाचा दोरा दिसू नये म्हणून. गाड्याच्या चार पावलं अलीकडं थांबलो, घसा खाकरला. गाडेवाल्यानं मान वर करून बघितलं आणि हातातला झारा तसाच राहिला.

"अप्पा, ये मच्छी का गाडा है," तो म्हणाला. "दाल-चावल उधर, कोने पे."

तेव्हा मला कळलं की दोरा लपवला, पण कपाळावर विभूतीचे तीन पट्टे तसेच आहेत. सकाळी पूजेत लावलेले, ठसठशीत. आता पुसून काय उपयोग?

"मालूम है," मी म्हटलं. "मच्छीच होना. बेटी के वास्ते."

त्यानं पुढं काही विचारलं नाही, तो भला माणूस. कुठली देऊ म्हणाला. मला काय कळतं? भांडं असतं तर तळ ठोकून सांगितलं असतं. मी म्हटलं, "जिसमें काँटा नै ऐसी." तो हसला. "काँटा तो रहताच अप्पा. मरळ लो, उसमें कम." मी म्हटलं मरळ दे. पण बटाटे पण तळून पाहिजेत, लांब लांब कापून. तो म्हणाला बटाटे नाहीत. मी शेजारच्या भाजीवालीकडून बटाटे आणले, त्याच्या बायकोनं कुरकुरत कापून दिले, आणि माशाच्याच कढईत ते पडले. राणी बटाट्यांवर काहीतरी आंबट शिंपडते हे मी फोटोत बाटली बघून विचारून ठेवलं होतं. "सिरका है क्या?" म्हटल्यावर त्यानं पलीकडच्या नूडल्सच्या गाड्यावरून बाटली मागून आणली. कागदात पुडकं बांधताना तो म्हणाला, "ऐसा आर्डर मेरेकू आजतक किसीने नै दिया." मला उगाच छाती फुगल्यासारखी वाटली.

गावाबाहेरच्या बाजूला एक छोटा घाट आहे, तिथं गर्दी नव्हती. एक बाई खालच्या पायरीवर कपडे आपटत होती. पलीकडं म्हशी पाण्यात बसल्या होत्या. मी राणीला मधल्या पायरीवर बसवलं आणि पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं.

"काय हाय हे?"

"उघड."

तिनं उघडलं. वाफ आली. ती पुडक्याकडं बघत राहिली, मग माझ्या कपाळाकडं बघितलं, मग पुन्हा पुडक्याकडं. "तुमी आणलं? गाड्यावर जाऊन?" आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि ओढणीनं नाक पुसलं. मला वाटलं, जमलं. वस्तू आली दुकानात.

मी दोन पायऱ्या सोडून, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसलो आणि माझा धपाट्यांचा डबा मांडीवर घेतला. तिनं एक तुकडा मोडला. मी म्हटलं, "काटा बघ हं." तिनं खाल्ला. मी म्हटलं, "तिखट झालं का? पाणी देऊ?" तिनं मान हलवली. "गार होईल, लवकर खा." ती थांबली. "तुमच्यासमोर न्हाई जायलं हो, अप्पा."

"खा तू. मी बघत न्हाई," मी म्हटलं आणि बघत राहिलो. मग मनात जुळवून आणलेलं सगळं बोलून टाकलं. "हे बघ राणी, महिन्यातनं एकदा आपण नांदेडला यायचं. अव्वाला कळू द्यायचं न्हाई. लातूरला नोकरी कर, शनिवारी-ऐतवारी निलंग्याला ये, आन ह्याची याद आली की मला नुस्तं बाटल्या बघायच्या म्हन. मी गाडी काढतो." ती बटाट्याची फोड बोटांत फिरवत राहिली. मला वाटलं अजून काहीतरी शिल्लक आहे. तेही मी घरून विचार करून आलो होतो, त्यासाठीही मन घट्ट केलं होतं.

"आन एक सांग. तिथं बाकावर तुझ्या बाजूला कोण असतंय?"

"कोण म्हंजे?"

"म्हंजे कुणासंगं खातीस तू? मी चिडणार न्हाई. आपल्यातला नसला तरीबी सांग."

"कुणीच नसतंय, अप्पा."

"मग?"

"एकटीच असते." ती बोटानं कागदाची कड दुमडत होती. "माशाचं काय न्हाई हो. मासा मला तेवढा आवडतबी न्हाई. शुक्रवारी अर्धा दिवस असतोय. हप्ताभर दुसऱ्यांचं दुखणं ऐकून ऐकून कान किटलेले असतात. मग तो डबा घेऊन बाकावर बसायचं, अर्धा तास. कुणी वळखत न्हाई. कवा आलीस, कवा जाणार, जेवलीस का, लगीन कवा, कुणी काय विचारत न्हाई. मी कुणाची पोरगी हाय, तिथं कुणालाच ठाऊक न्हाई."

माझ्या हातातलं धपाटं हातातच राहिलं. आपण कुणाचे हे कुणाला ठाऊक नसणं हेही सुख असतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला कुणी 'मन्मथप्पा' अशी हाक मारली नाही तर मी दिवसभर अस्वस्थ असतो.

"म्हंजे आमचा जाच होतोय तुला," मी म्हटलं. आवाज चढला होता. खालच्या बाईनं कपडे आपटायचं थांबवून वर बघितलं.

"जाच म्हनू नका. तुमी मायेनंच करता, मला काय कळत न्हाई का? पर मला इथं रडायलाबी जागा न्हाई, अप्पा. कडी लावली की अव्वा दार वाजवती. गच्चीवर गेले की तुमी टाकी बघायला येता." मग ती एकदम माझ्याकडं वळली. "आन एक सांगू? त्या बाकावर बसलं की मला तुमचीच याद येती. तुमी गिऱ्हाइकावर कसं डाफरता, अव्वा गुडघा धरून जिना कशी चढती. लई वाटतंय तुमच्याकडं यावं. आन इथं आले तर तीन हप्ते झाले, मला तुमची तशी यादच न्हाई आली."

"येईल कशी? मी समोरच हाव की!"

"व्हय," ती म्हणाली. "तेच सांगायले."

मला चीड आली. समोर बसलेल्या बापाची आठवण काढायला समुद्र ओलांडून जायचं, हे कसलं खूळ? चार खडे बोल तोंडाशी आलेही होते. पण तिच्या मांडीवर लक्ष गेलं. पुडकं उघडून किती वेळ झाला होता, आणि त्यातले दोनच तुकडे गेले होते. ती दर घासाला माझ्याकडं बघत होती, मला वाईट वाटतंय का ते तपासत. एवढ्या वेळात मी तिला काटा बघ म्हटलं, पाणी विचारलं, लवकर खा म्हटलं, नोकरी सांगितली, नवरा विचारला. तिला जेवू मात्र दिलं नव्हतं.

मी डब्याचं झाकण लावलं आणि उठलो.

"कुठं निघालाव?"

"पाय आखडले. त्या टोकाला जाऊन येतो. तू सावकाश होऊ दे."

घाटाच्या टोकाला पिंपळाचा पार आहे. मी तिच्याकडं पाठ करून पारावर बसलो. पाठ करून बसणं हे माझ्या आयुष्यात कधी घडलेलं नाही. दुकानात मी भिंतीकडं पाठ करतो, माणसाकडं नाही. मान सारखी वळू बघत होती. काटा लागला तर? कुणी टवाळ पोरं आली तर? मी पारावरच्या मुंग्या बघितल्या. म्हशींची भांडणं बघितली. धपाटं काढलं, पुन्हा ठेवलं. आणि मग मला तिची आठवण यायला लागली. ती शंभर पावलांवर बसली होती आणि मला तिची अशी आठवण येत होती की छाती भरून आली. लहानपणी पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा ती पातेल्यात बसली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती, ते आठवलं. विमानतळावर आत जाताना तिनं एकदाच वळून बघितलं होतं, ते आठवलं. ती घरी आल्यापासून यातलं काहीएक मला आठवलं नव्हतं. आठवायला मी मोकळा कुठं होतो? दिवसभर तिला विचारत तर होतो, जेवलीस का म्हणून.

अर्धा तास म्हणाली होती. पाऊण तास झाला, ऊन पाण्यावरून निघून पलीकडच्या झाडांवर गेलं. मी वळून बघितलं नाही.

पाठीमागं चपलांचा आवाज आला. राणी समोर येऊन उभी राहिली. कागदाची घडी हातात, ओठांना मीठ, केस वाऱ्यानं विस्कटलेले. तीन आठवडे ती आमच्या घरात पाहुण्यासारखी सावध वावरत होती, हे मला तेव्हा कळलं, कारण आता ती तशी दिसत नव्हती. चेहरा मोकळा होता, दहावीच्या सुट्टीत असायचा तसा.

"मासा थोडा उरला व्हता, कुत्र्याला टाकला," ती म्हणाली. "बटाटे मात्र लई भारी झालते, अप्पा."

तो चेहरा बघितला आणि माझं उत्तर मला मिळालं. मला नको असलेलं.

"राणी," मी म्हटलं, "सोमवारची वाट कशाला बघतीस? आत्ताच कळव."

"काय कळवू?"

"येते म्हनून."

तिनं कागदाची घडी आणखी दुमडली. मग पारावर बसली आणि मी मघाशी बसलो होतो तसं नदीकडं तोंड केलं. "अव्वा?" तिनं विचारलं.

"अव्वाला मी बघतो."

"आन तुमी?"

"मला काय झालंय? मला दुकान हाय." एवढं बोलून मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. ती माझ्या हातातच होती.

राणी गेली. लातूरच्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. शिवकन्या आठ दिवस माझ्याशी बोलली नाही आणि भांडी आपटण्यात ती माझ्याहून तयार निघाली. आता मी पोरीला रोज फोन करतो, कधी दोनदाही करतो, आणि जेवलीस का हे विचारतोच, ते काही सुटत नाही. फक्त शुक्रवारी संध्याकाळी करत नाही. आमचे साडेसहा वाजतात तेव्हा तिकडं दुपारचा एक वाजलेला असतो.

परवा शुक्रवारी साडेसहाला शिवकन्या दुकानात आली. मी फोन हातात धरून नुसता बसलो होतो. "लावा की राणीला," ती म्हणाली. "काय करायली बघा."

"जेवायली ती," मी म्हटलं.

"एकटीच व्हय?"

"हाव."

शिवकन्येचा चेहरा उतरला. "बिचारी," असं म्हणून तिनं फोनसाठी हात पुढं केला. मी फोन खिशात घातला.

"जेवू दे तिला," मी म्हटलं.